भाचा येतोय

आज २३ सप्टेंबर. सकाळी साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. बडोद्याच्या कमाटीबागेतली संकल्पभूमी, म्हणजे बाबासाहेबांचं स्मारक, मोठा हार, हात जोडून उभे असलेले आमचे सेक्रेटरी, खाली 'जय भीम' आणि तीन निळी हृदयं. मीही अंगठा दिला. खरंच बरं वाटलं होतं.

दुपारी साडेतीनला त्यांचाच फोन.

"ताई, चौथ्या मजल्यावरच्या काकांचा फ्लॅट बघायला ती नर्स येणार आहे ना उद्या, तिला जरा टाळता येईल का? मला काहीच नाही हो. पण बाकीचे आहेत, जुने मेंबर आहेत."

काका कॅनडात असतात, फ्लॅटची चावी माझ्याकडे असते. म्हटलं, का हो? नोकरी पक्की आहे, डिपॉझिट द्यायला तयार आहे, एकटी आहे, ना गाडी ना कुत्रा.

"ते सगळं ठीक. पण आडनाव ऐकलंत ना?"

ऐकलं. इथे लिहीत नाही. तुमच्या मनात आत्ता एक आलंच असेल, तेच धरा.

आणि हो, सेक्रेटरी गुजराती नाहीत. उगाच कॉमेंटमध्ये सुरू होऊ नका. आपलेच आहेत, तीन पिढ्या दांडिया बाजारातल्या. इथले लोक पहिल्याच भेटीत "तमे केवा?", म्हणजे तुम्ही कुठल्या जातीचे, असं विचारतात म्हणून आपण घरी येऊन हसतो. आपण काय विचारतो? "मूळ गाव कुठलं?" मग "आडनाव?" मग "अच्छा, म्हणजे आपल्यातलेच!" एक प्रश्न जास्त लागतो, एवढाच काय तो आपला सुसंस्कृतपणा.

मी त्यांना फोनवर पुष्कळ बोलले. सकाळचा फोटो काढला, हार काढला, सगळं काढलं. इथेच थांबले असते तर या पोस्टला भरपूर लाइक मिळाले असते. पण फोन ठेवला आणि मला माझा भाचा आठवला.

२००९ साल. मांजलपूरचा आमचा वन बीएचके रिकामा होता. युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा एक मुलगा बघायला आला, नांदेडकडचा. आमचं बडोद्याचं मराठी अर्धं गुजरातीत भिजलेलं, त्यात त्याचं ते "काकू, मी येऊलालो" ऐकून मी खूश. पोहे केले. चावी त्याच्या हातात देऊन म्हटलं, जा, निवांत बघून ये. मग करारासाठी कागद मागितले, पूर्ण नाव वाचलं. घरात कुणी काही बोललं नाही. सासूबाई नुसत्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. "अरे, माझा भाचा येतोय रे शिकायला, त्याला लागेल जागा."

मला भाचा नाही. दोन भाच्या आहेत, दोघी तेव्हा शाळेत होत्या.

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं काकू. पण भाच्याला सांगा, पंख्याचा रेग्युलेटर बदलून घ्या म्हणावं. शॉक बसतो." संध्याकाळी पाकिटात घालून चावी वॉचमनकडे ठेवून गेला. वर आला नाही.

फ्लॅट पुढे सात महिने रिकामा होता.

आता १९१७ सालचं बघा. आपण बडोदेकर मराठी माणसं छाती फुगवून सांगतो की आमच्या महाराजांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली. दिलीच. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या पैशावर. १९०६ मध्ये साऱ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणणारा राजा होता तो. पण शिकून परत आलेल्या त्या माणसाला राजाच्या शहरात खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून पारशांच्या उतारू निवासात राहावं लागलं, रोजचा दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी ते पारशी नाहीत हे कळून काठ्या घेऊन पारशी आले.

काठीवाले सगळ्यांना ठाऊक असतात. माझ्या डोक्यातून जात नाहीत ते त्यानंतरचे दोन मित्र. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. हिंदू मित्र म्हणाला, तू माझ्याकडे राहायला आलास तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. मग रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंत पाच तास ते कमाटीबागेत बसून होते.

मला काहीच नाही हो, पण नोकर आहेत. मला काहीच नाही हो, पण बायको येतेय. भाचा येतोय. जुने मेंबर आहेत.

शंभराहून जास्त वर्षांत देशानं काय केलं? संविधान केलं, सतराव्या कलमानं अस्पृश्यता गुन्हा ठरवली, १९५५ मध्ये कायदा केला. त्या कायद्यात राहत्या घराचाही उल्लेख आहे, बरं का. पण 'भाचा येतोय' या वाक्याला पोलीस कुठलं कलम लावणार? त्या मुलानं माझ्यावर केस केली असती तर मी अजून एक भाचा उभा केला असता. वर २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, सभासद फक्त पारशीच असावेत हा नियम चालवून घेतला. आणि आमच्या शहराच्या काही भागांत अशांत धारा, म्हणजे गुजरातचा 'अशांत क्षेत्र' कायदा, लागू आहे. तिथे घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी. कोण कुणाशेजारी राहणार याची चौकशी इथे सरकारदरबारीही होते.

हो, कळतंय. ज्याचं घर त्याची मर्जी, भाडेकरू त्रास देतात, मलाही दिलाय. एकानं गॅलरीतला नळ काढून नेला होता, त्याचं आडनाव आमच्याच पोटजातीतलं. आणि बदल झालाय, नाही म्हणत नाही. राष्ट्रपती झालेत. माझ्या शेवटच्या ब्रँचला मॅनेजर बाई होत्या त्या त्याच समाजाच्या, आम्ही सगळे त्यांच्या डब्यातलं मागून खायचो. त्या राहायच्या कुठे, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही.

सेक्रेटरींवर दुपारी जो राग आला होता तो आता तेवढा राहिलेला नाही. वाईट माणूस नाही. कोविडमध्ये त्यांनीच आमचं औषध आणून दिलं होतं. सकाळचा हारही मनापासूनच घातला असणार. मीसुद्धा पोहे मनापासूनच केले होते.

त्या मुलाचा नंबर जुन्या डायरीत शोधला. सापडला, लागत नाही. आता चाळिशीच्या पुढचा असेल. माफी मागायला फोन केला असता, असं मला आवडलं असतं म्हणायला, पण लागला असता तर मी काय बोलले असते देव जाणे. बहुधा विचारलं असतं, काय रे, कसा आहेस, आणि ठेवला असता.

काकांना रात्री कॅनडाला फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाडं वेळेवर येईल ना? मग मला काय करायचंय." एवढं सोपं होतं.

ती उद्या दहाला येणार आहे. चावी माझ्याकडेच आहे. सेक्रेटरींना मेसेज टाकलाय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. परवा कमिटीची मीटिंग आहे, तिथे काय होतं ते कळवीन.

मघाशी वर जाऊन आले. गीझर चालत नाही आणि बेडरूमचा एक स्विच ढिला आहे. मांजलपूर-माकरपुरा बाजूचा सकाळी नऊच्या आत येईल असा इलेक्ट्रिशियन कुणाच्या ओळखीत असेल तर नंबर मेसेंजरवर पाठवा.