दोन प्रतिष्ठित पंच

नकली सीडीच्या धाडीत सगळ्यात जास्त हाल कुणाचे होतात? दुकानदाराचे म्हणाल तर तो जामिनावर सुटतो. निर्माता तर मुंबईत असतो. हाल होतात पंचाचे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम १०० प्रमाणे, झडतीला त्या भागातले किमान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी लागायचे. आता मे महिन्यात, भर दुपारी, जळगावात प्रतिष्ठित माणूस रस्त्यावर कशाला सापडेल? तो कूलरसमोर आडवा असतो. सापडलो मी, रसवंतीच्या बाकड्यावर.

"आप्पा, चला, पाच मिनिटांची सही आहे," हवालदार म्हणाला. विनाकारण नाही म्हणणं हाही गुन्हाच, हे त्याने चालता चालता सांगितलं. दुसरा पंच म्हणून रसवंतीवाल्यालाच उचललं.

दुकानदार माझ्या रोजच्या ओळखीचा. मला बघून म्हणाला, "आप्पा, तुम्ही बी उनात?" लग्नात ऐनवेळी वरपक्षाकडून जेवायला बसलेल्या भावकीकडे बघावं तसा बघत होता.

मग मोजणी. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ६४ ने फौजदाराला वॉरंटशिवाय माल जप्त करता येतो. पण मोजायचा कसा ते त्यात नाही. व्हीसीडीवर सिनेमा दोन तबकड्यांत मावतो. मग ते दोन नग की एक? तेवढ्यात एका डीव्हीडीवर पाच सिनेमे निघाले. हा एक नग की पाच गुन्हे? फौजदारसाहेब विचारात पडले, चहा आला, आकडा विसरला, पुन्हा पहिल्यापासून. कलम ५२अ म्हणतं, वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता हवा, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत हवी. इथे मार्करने लिहिलेलं: 'नवीन साउथ, लई मारामारी'.

शेवटी प्रत्येक पुडक्यावर पंचांच्या सहीचं लेबल आणि लाखेचं सील. लाख वितळवायला मेणबत्ती लावली. पंखा चालू ठेवला तर मेणबत्ती विझायची, बंद केला तर पंच. सरकारी काम असल्याने मेणबत्ती जगवण्यात आली. पाच मिनिटांची ती सही दिवेलागणीला संपली. घरी शेवभाजी गार आणि बायको गरम.

कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पुढे २००९ साली तर व्हिडिओ पायरेट्सना एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला बसवलं. आमचा हा माणूस सुट्टे पैसे नसले तर चॉकलेट द्यायचा, तेही वितळलेलं. एवढीच त्याची दादागिरी.

समन्स आलं तोवर लोक सिनेमे मोबाइलवर बघायला लागले होते. पिंजऱ्यात उभं केल्यावर आरोपीच्या वकिलाने विचारलं, "पंचनाम्याच्या वेळी एकतरी सीडी लावून पाहिलीत?"

"नाही साहेब. कुणी लावलीच नाही."

"मग माल नकली हे कशावरून म्हणता?"

एवढ्या वर्षांनी कुणीतरी माझं मत विचारत होतं. मी भरात आलो. "असं कसं साहेब! इंटरवलनंतर एक माणूस पडद्यासमोरून उठून जातो, त्याचं पोरगं भोकाड पसरतं, आणि शेवटची फायटिंग तर पार तिरपी दिसते!"

वकिलाने चष्मा काढला. आरोपी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. न्यायाधीशांनी लेखनिकाला विचारलं, "हे घेतलंत ना लिहून?"