कॅलगरी स्टँपीड सहल : १ तारा देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

कॅनडातल्या कॅलगरी स्टँपीड या जत्रेत आपण रोडिओ बघितला, म्हणजे उधळत्या घोड्यावर ८ सेकंद टिकून बसण्यासारखे खेळ. त्याबद्दल तुमच्या दोन तक्रारी आहेत. घोड्याच्या नाजूक जागी पट्टा आवळून त्याला उधळवतात, ही एक. आणि हे असं असतं याची आम्ही आधी कल्पना दिली नाही, धाकटी रडत बाहेर आली, ही दुसरी. दुसरी शंभर टक्के खरी आहे. बसमध्ये मी टोपी, पाणी, ऊन सगळं सांगितलं आणि नेमकं हेच राहिलं. तिच्या तिकिटाचे पैसे आज परत पाठवतो.

पट्ट्याचं मात्र तसं नाही. त्याला फ्लँक स्ट्रॅप म्हणतात. तो बरगड्यांच्या मागे, मांड्यांच्या पुढे, पोटाभोवती बसतो. नाजूक जागेपर्यंत पोचतच नाही. रिंगणात माद्याही असतात, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. पट्ट्याला आतून मेंढीच्या लोकरीचं अस्तर असतं आणि बक्कल एका झटक्यात सुटणारं. ८ सेकंदांनी भोंगा वाजला की दोन घोडेस्वार दोन्ही बाजूंनी येतात, एक जण स्वाराला उचलून घेतो आणि वाकून तो पट्टा सोडवला जातो. तुम्ही लिहिलंय, ‘पळत्या घोड्याला मागून मारत होते’. ताई, तो माणूस बक्कल सोडवत होता.

पट्टा घोड्याला आवडतो असं मी म्हणणार नाही. नकोसा होतो म्हणून तर तो मागचे पाय उंच झटकतो. शिवाय हे घोडे उड्या मारणाऱ्या वाणाचेच. स्टँपीडचं स्वतःचं पैदास केंद्र अल्बर्टा प्रांतातल्या हॅना गावाजवळ आहे. १०० पैकी ५० गुण घोड्याच्या उड्यांना असतात.

मला स्वतःला धास्ती वाटते ती घोडा रिंगणात सोडतात त्या फाटकामागच्या अरुंद कप्प्याची. घोडा तिथे दोन पायांवर उभा राहिला, पाय गजांत अडकतोय की काय असं झालं, तेव्हा मीही मान फिरवली होती. माझं आजोळ मंचरकडचं, बैलगाडे बघत वाढलो. जनावराच्या हालांबद्दल कुणी बोललं तर मी ते उडवून लावत नाही.

एक जुना पट्टा मागून आणलाय. आता तो बसमध्ये हातोहात फिरवतो आणि ज्यांना रोडिओ नको, त्यांना त्या वेळात गाडे ओढणाऱ्या दांडग्या घोड्यांच्या तबेल्यात नेतो. धाकटीला ते दाखवायला हवे होते.