किडनीची गाठ 'आपोआप' होते, पण कुणाला?

"प्रयोगशाळेतल्या उंदरांना काही न देताही गाठी होतातच. त्यामुळे अमुक रसायनाने उंदराच्या किडनीत ट्यूमर झाला, या बातमीला काडीचा अर्थ नाही." हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणून दुसरंही खपून जातं.

गाठी होतातच, पण कुठे? फिशर ३४४ या जातीचे प्रयोगशाळेतले नर उंदीर दोन वर्षं जगले की बहुतेकांच्या वृषणात गाठ सापडते. स्प्रॅग-डॉली या दुसऱ्या जातीच्या माद्यांत स्तनाच्या गाठी नेहमीच्याच. तिथे चार जास्त निघाल्या तर शंका घ्या, हरकत नाही. किडनीचं गणित निराळं. नेहमीच्या तपासणीत किडनीतल्या सूक्ष्म नलिकांची गाठ शंभर फिशर नरांत एखाद्याला दिसली तर दिसली. माद्यांत त्याहून क्वचित. अगदी १ टक्का धरा. ५० नरांच्या गटात अशा ४ किंवा अधिक गाठी निव्वळ योगायोगाने निघण्याची शक्यता हजारात दोनपेक्षाही कमी भरते. शिवाय रसायन न दिलेला गट शेजारच्या पिंजऱ्यांत असतोच. तो ठेवतात कशाला?

आता 'आपोआप' या शब्दाकडे येऊ. नॉर्वेचे संशोधक एकर यांनी १९५४ मध्ये रॅटच्या एका वाणाची नोंद केली (मराठीत आपण रॅट आणि माऊस दोघांनाही उंदीरच म्हणतो, तो घोळ वेगळा). या वाणात दोन्ही किडन्यांत अनेक गाठी होतात, आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. कारण पुढे सापडलं: टीएससी२ जनुकातला बिघाड. एक प्रत बिघडलेली असेल तर गाठी. दोन्ही बिघडल्या तर पिल्लू जन्मालाच येत नाही. स्प्रॅग-डॉलीतही घराण्यात उतरणारी एक गाठ आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी फुगीर, पोकळ्यांनी भरलेल्या दिसतात आणि ती बरेचदा कोवळ्या वयात, दोन्हीकडे उगवते. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट ती ओळखतो आणि रसायनाच्या खात्यात मांडत नाही.

"उंदराची किडनी माणसासारखी नसतेच," हा पुढचा मुद्दा. यात तथ्य आहे. नर रॅटचं यकृत अल्फा-२यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन बनवतं. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनसारखी रसायनं त्याला चिकटली की ते नलिकांत साचतं, पेशी मरतात, नव्या बनत राहतात आणि शेवटी गाठ. माणसात हे प्रथिन नाही. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९१ मध्येच अशा गाठी माणसाच्या धोक्याच्या हिशेबातून वगळायचं ठरवलं.

पण ही सवलत सरसकट नाही. धान्यावरच्या बुरशीतून येणारं ऑक्राटॉक्सिन ए घ्या. १९८९ च्या अमेरिकी अहवालात सर्वांत मोठा डोस मिळालेल्या ५० नरांपैकी ३० जणांच्या किडनीत कार्सिनोमा (कर्करोगाची गाठ) होता, डोस न दिलेल्या नरांत एकाच्याही नाही. आणि ज्यांचं यकृत ते प्रथिन बनवत नाही, त्या माद्यांतही काहींना गाठी झाल्या होत्या.