सुयांचं रजिस्टर सांभाळा

नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत शेड घेतली, शंभर-सव्वाशे शिलाई मशिनी टाकल्या आणि परदेशी ब्रँडची ऑर्डरही लागली. अभिनंदन! आता एका मेलची वाट पाहा. तुमच्या कारखान्यात कामगारांना नीट वागवतात की नाही हे बघायला आमचा ऑडिटर येतोय, असं त्यात लिहिलेलं असेल. घाबरू नका. कामगारांना नीट वागवायला वर्षं लागतात, ऑडिटला आठ दिवस पुरतात. सतरा वर्षं टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, काढलेल्या माणसाचं ऐका.

पहिली गोष्ट तारखेची. भेट म्हणे अचानक असते, दोन-तीन आठवड्यांतला कुठलाही दिवस. पण साहेब मुंबईहून सकाळच्या विमानाने येणार. सोनेगावच्या विमानतळावर गाडी आपण पाठवायची, वर्धा रोडवरच्या हॉटेलात खोली आपण घ्यायची आणि बहुतेक वेळा ऑडिटची फीसुद्धा आपणच भरायची. वऱ्हाडाच्या गाडीत डिझेल टाकून दिल्यावर वरात कधी दारात येणार, हे मुलीच्या बापाला कळणार नाही तर कोणाला? महिना निवडायला मिळाला तर जानेवारी मागा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वरही जातो. तेव्हा पत्र्याखाली इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाकडून ‘कामाचं वातावरण समाधानकारक’ हे वाक्य वदवून घेणं फार जड जातं.

आता रजिस्टरं. एक कच्चं, एक पक्कं. कच्च्यात खरं असतं आणि ते ऑडिटच्या दिवशी कोणाच्या तरी स्कूटीच्या डिकीत असतं. पक्क्यात कायदा असतो. आठवड्याला ४८ तास, त्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट मजुरी. १९४८ च्या कारखाना कायद्यात हेच होतं आणि नव्या श्रमसंहितेतही दर दुप्पटच राहिलाय, तेव्हा नवं काही पाठ करायला नको. नवखे लोक फसतात ते शाईत. तीन महिन्यांची हजेरी एका रात्रीत एकाच पेनाने उतरवतात आणि सकाळी पानांचा वास घेऊन साहेब हसतो. पेनं बदला. एखाद्या पानावर चहा सांडा. दोघा-तिघांना सात मिनिटं उशीर दाखवा, एखाद्याला अर्धी रजा. रोज बरोबर नऊला येणारी सव्वाशे माणसं आजवर कोणी पाहिलेली नाहीत.

हे सगळं जमलं तरी खरा घात सुईत असतो. शिवताना सुई तुटली की तिचा प्रत्येक तुकडा शोधायचा, टेपने कागदावर चिकटवायचा, शेजारी तारीख, वेळ आणि मशीन नंबर लिहायचा. कारण त्यातला एक तुकडा तिकडच्या लेकराच्या फ्रॉकमध्ये गेला, तर ब्रँडला कोर्टात उभं राहावं लागतं. त्यामुळे या रजिस्टरात कोणी खोटं लिहीत नाही. एकदा आमच्याकडे एक मॅडम आल्या. चहा घेतला, पगाराच्या रजिस्टरला हातही लावला नाही, म्हणाल्या सुयांचं आणा. दोन पानं उलटली, एका तारखेवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“रविवारी सुट्टी असते ना तुमच्याकडे?”

“हो मॅडम, कंपल्सरी.”

“मग या सतरा सुया?”

“मेंटेनन्स चालू होता मॅडम.”

“रात्री साडेनऊला? सतरा मशिनींवर?”

मॅनेजर मला म्हणाला, पाणी आण. ते मीच प्यायलो. तेव्हापासून सांगतोय, आधी सुया बघा. मग जनरेटरच्या डिझेलची वही, मग गेटवरच्या टेम्पोच्या नोंदी. आमच्या कारखान्यात सुई किती वाजता तुटली हे मिनिटासकट खरं लिहिलेलं असायचं. सुईमागच्या बाईची मात्र घरी जायची वेळ वर्षभर एकच, सहा.

माणसांची तालीम जेवणाच्या सुट्टीनंतर घ्या. प्रश्न मोजून पाच. किती वाजता सुटता? सहा. ओव्हरटाइम? आपल्या मर्जीनं, डबल भेटते. संडास? स्वच्छ. शिव्या? कोणी देत नाही. तक्रार कुठे करता? पेटीत. आमच्या चेकिंगच्या टेबलावर एक काकू होत्या, वानाडोंगरीहून पायी यायच्या. त्यांनी हे सगळं चोख पाठ केलं, पण ओळीने. ऑडिटरने त्यांना बाजूला बसवलं आणि प्रेमाने विचारलं, “काकू, नाव काय तुमचं?”

“सहा वाजता सुटतो जी.”

“बरं. आणि कामाला येता कशा?”

“आपल्या मर्जीनं जी, डबल भेटते.”

“जेवलात का?”

“स्वच्छ हाये जी.”

बाहेर आल्यावर मलाच म्हणाल्या, “काय बापा, पेपरच बदलवला त्यायनं!” तेव्हा प्रश्न उलटसुलट विचारून सराव घ्या. ठेकेदाराच्या माणसांना त्या दिवशी सुट्टी द्या, बिनपगारी अर्थातच. जे नाहीत त्यांना कोण विचारणार? आणि एक ध्यानात ठेवा, हे नागपूर जरा वांड आहे. इथे १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून कामगारांनी संप केला. देशातल्या पहिल्यावहिल्या संपांत तो मोजतात. तुम्ही खूष आहात का, हे विचारायला त्यांच्याकडे कोणी विमानाने आलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं. आता तिथे मॉल आहे, तेव्हा काळजी नको.

तक्रारपेटीची किल्ली मात्र आदल्या दिवशी शोधून ठेवा. आमची सापडली नाही म्हणून कुलूप फोडलं, तर आत चार वर्षांपूर्वीची एकच चिठ्ठी निघाली: ‘पेटी संडासच्या दारातून हलवा, टाकताना सगळे पाहतात.’

मागच्या दाराचं कुलूप सकाळी काढायचं आणि पाच वाजता परत लावायचं. माल चोरीला जातो, दुसरं काय. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कराचीतल्या एका कपड्याच्या कारखान्याला एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं. कामगारांना नीट वागवतात असं सांगणारं ते जगातलं मानाचं प्रमाणपत्र. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली. दारं बंद, खिडक्यांना गज. अडीचशेहून जास्त माणसं गेली. प्रमाणपत्राची मुदत अजून बरीच शिल्लक होती. पुढच्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, ११०० हून जास्त मेले. त्यातल्याही काही कारखान्यांची ऑडिटं झालेली होती. इमारत उभी राहील का, हा प्रश्न त्यांत नव्हता आणि जो प्रश्न नाही त्याचं उत्तर चुकत नाही. तर पाच वाजता कुलूप आठवणीने लावा.

ज्या दिवशी ब्रँडच्या एका टेबलावरून कामगारांना कसं वागवायचं याची आचारसंहिता येते, त्याच दिवशी शेजारच्या टेबलावरून दुसरा मेल येतो: पीसमागे चार रुपये कमी करा आणि माल दहा दिवस आधी पाठवा. दोन्हीला ‘नोटेड विथ थँक्स’ असं उत्तर द्यायचं. भाव किती दिला, हा रकाना ऑडिटरच्या कागदावर नसतो. तुम्हीही विषय काढू नका, पाहुण्याला उणं बोलू नये. जाताना अर्धा किलो संत्रा बर्फी द्या. नियमाने त्यांना ती घेता येत नाही, म्हणून ड्रायव्हरकडे द्या.

राहता राहिलं पाळणाघर. जुन्या कायद्यात तीसहून जास्त बाया असल्या की ते लागायचंच. तेव्हा पटावर एकोणतीस दाखवता आल्या की भागायचं, नव्या संहितेत मात्र पन्नास कामगार झाले की लागतं, बाया असोत वा बाप्ये, म्हणून स्टोअरची खोली रिकामी करा, सतरंजी टाका, भिंतीवर बाराखडीचा तक्ता लावा. खेळणी बर्डीच्या बाजारातून आणा आणि प्लास्टिकच्या पिशवीतून काढायला विसरू नका, आमचं एकदा त्यावरून लिहून गेलं होतं. खोलीत एखादं लेकरू हवंच. आम्ही एका मशीनवालीची चार वर्षांची पोर मागवली होती. गोड पोर, दिवसभर एका बाहुलीशी बोलत बसली, रडली नाही. ऑडिटरने फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी खोलीत पुन्हा बॉबिनचे खोके लागले आणि बाहुली माझ्या कपाटात गेली. आठवडाभर ती पोर संध्याकाळी आईला घ्यायला गेटवर यायची आणि वॉचमनला विचारायची, माही बाहुली जेवली का. पुढचं ऑडिट दोन वर्षांनी आहे. तोवर ती शाळेत जाईल, तेव्हा दुसरं एखादं मूल आत्ताच बघून ठेवा.