कार्डावरची टिप

दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी रेस्टॉरंटांना बिलात सक्तीचे सेवाशुल्क लावता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या दादाने एकच हेका धरला आहे. ग्राहक सुटला, विषय संपला. टिप मालकाच्या गल्ल्यात गेली काय आणि वेटरच्या खिशात गेली काय, आपल्याला काय करायचे आहे, असे तो लिहितो. हे शेवटचे वाक्य मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

इथे ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपवाटपाचा कायदा लागू आहे. कर वगळता मालकाला टिपेतला किंवा सेवाशुल्कातला एक पेनीही ठेवता येत नाही, आणि पैसे पुढचा महिना संपण्याच्या आत कामगारांना द्यावे लागतात. नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात, कामगाराला त्या मागता येतात, आणि टिप बुडवली तर बारा महिन्यांच्या आत कामगारांचे दावे ऐकणाऱ्या ट्रायब्युनलकडे जाता येते. मी एका हॉटेलचे पेरोल पाहते. ट्रॉन्कच्या, म्हणजे एकत्र जमलेली टिप वाटण्याच्या, तक्त्यात भांडी घासणाऱ्या किचन पोर्टरचे नाव असते, आणि त्याच्या नावापुढचा आकडा मी दर महिन्याला दोनदा तपासते.

'तिकडचे कायदे इकडे सांगू नकोस,' असे दादा म्हणतो. पण आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आयटीसीच्या खटल्यात म्हटले की, कार्डावरून आलेली टिप मालकाकडे विश्वस्ताच्या नात्याने येते. खटला प्राप्तिकराचा होता, म्हणून वेटरच्या हाती त्यातून फारसे काही लागले नाही. तरी टिप मालकाच्या कमाईचा भाग नाही, हे त्यातून उघडच निघते. सेवाशुल्कावर इतकी वर्षे भांडणाऱ्या आपल्या लोकांनी ताट आणून देणाऱ्याचा विचार एकदाही करू नये, याचे मला फार वाईट वाटते.

मी हे इतक्या तावातावाने लिहिते, त्याला कारण आहे. २०१२ मध्ये शिकत असताना मी शनिवार-रविवारी इथल्याच एका रेस्टॉरंटात काम करत असे. मालक आपल्याच भागातले होते. मशीनमधून निघालेल्या पावतीवर टिपेचा आकडा वेगळा छापलेला असे, आणि ती पावती मालक खिळ्याला टोचून ठेवत. आम्हाला त्यातले काहीच मिळत नसे. तेव्हा कार्डावरची टिप इथल्या कायद्यानेही मालकाचीच धरली जाई. माझ्याबरोबरच्या पोलिश मुलीने एका रात्री सगळ्यांसमोर हिशेब मागितला आणि साक्षीसाठी माझ्याकडे पाहिले. मालक मला मराठीत म्हणाले, "आपल्या माणसांत कसला हिशेब, बाळ?" संक्रांतीला त्यांच्या घरी मी गुळाची पोळी खाल्ली होती, आणि परक्या गावात मला बाळ म्हणणारे तेवढेच एक घर होते. मी मान खाली घालून ग्लास पुसत राहिले. पुढच्या शनिवारी ती मुलगी कामाला आली नाही.