कुठे उतरणार?

ठाण्याहून सुटलेली सकाळची स्लो लोकल विद्याविहार सोडून कुर्ल्याकडे निघाली होती. डाव्या हातात वरची कडी, उजव्या हातात 42 प्रश्नांची प्रश्नावली, पर्स पोटाशी आणि तोंडात पेनाचं टोपण. समोर बसलेल्या काकूंना मी टोपणासकटच विचारलं, "काकू, संशोधनासाठी पाच मिनिटं देता का?" त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारणीकडे, आणि म्हणाल्या, "नको गं बाई, माझ्याकडे आहे एक पॉलिसी."

मी विमा विकत नाही. परळला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि 43व्या वर्षी पीएच.डी. करते आहे. विषय माझा मीच ओढवून घेतला: 'मुंबईतील नोकरदार महिलांचा लोकल प्रवासातील ताण व त्याचा कौटुंबिक समायोजनावर होणारा परिणाम : एक अभ्यास'. हे शीर्षक सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "यात अभ्यास कसला करायचा? मला विचार, मी सांगते." तेव्हा हसले होते. आज वाटतं, विचारून घ्यायला हवं होतं. एका संध्याकाळीत सुटले असते.

पण संशोधनात असं घरच्या माणसाला विचारून भागत नाही. साधन लागतं. आमचे गाइड सर फार व्यवहारी. म्हणाले, "मुलाखती घ्याल तर एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला पाच-सहा तास लागतील. निरीक्षण करायचं म्हणाल, तर ते तुम्ही वीस वर्षं फुकट करताच आहात. प्रश्नावली करा मॅडम. वाटली, गोळा केली, मोकळ्या झालात." यातलं 'वाटली' तेवढं खरं निघालं.

प्रश्नावलीत प्रश्न नसतात हे मला प्रश्नावली करायला घेतल्यावर कळलं. विधानं असतात, आणि प्रत्येक विधानासमोर 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच चौकोन. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1932 मध्ये ही शिडी उभी केली. त्याच्या आडनावाचा त्याचा उच्चार 'लिकर्ट' होता. आमच्याकडे सगळे लायकर्ट म्हणतात, आणि लिकर्ट म्हणणाऱ्याला दुरुस्त करतात. या गृहस्थाचा महिला डब्याशी संबंध आला नसावा. आमच्या बायकांच्या मताला पाच पायऱ्या नसतात. त्यांचं एक तर "अगो, विचारूच नका" असतं, नाहीतर "छे, आता सवय झाली" असतं, आणि ही दोन्ही उत्तरं एकच बाई एकाच विधानाला, एका दमात देते. टिक कुठे करायची?

साधन झालं की ते तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं लागतं. पाच तज्ज्ञांकडे गेले. एकांनी 'ताण' खोडून 'तणाव' केलं. दुसऱ्यांनी 'तणाव' खोडून 'ताण' केलं आणि समासात 'भाषेकडे लक्ष द्या' असं लिहिलं. तिसऱ्या म्हणाल्या, विधानं फार आहेत. चौथे म्हणाले, इतकी कमी विधानं कशी चालतील? पाचव्यांनी न वाचता सही केली. त्यांचे उपकार मी प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सर्वात वर मानणार आहे.

मराठीचा घोळ आणखी निराळा. काही विधानं मूळ इंग्रजी साधनावरून घेतलेली, त्यांचा अनुवाद एका भाषातज्ज्ञांनी करून दिला. 'प्रवासादरम्यान मला भावनिक निःसरणाचा अनुभव येतो.' नाहूरला चढणाऱ्या एका ताईंनी हे दोनदा वाचलं, आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही लेडी डॉक्टरला दाखवून घ्या हं. अंगावर काढू नका."

आणि विश्वसनीयता! ली क्रॉनबॅक यांनी 1951 साली अल्फा नावाचा एक आकडा दिला. तो साधारण 0.70 च्या वर आला की तुमच्या विधानांचं आपसात जमतं असं मानायचं. माझा पायलटमध्ये, म्हणजे थोड्या जणींवर घेतलेल्या आधीच्या चाचणीत, 0.58 आला. सर म्हणाले, तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत चार-पाचदा विचारा, अल्फा चढेल. खरंच चढला. पण आता डब्यातल्या बायका सातव्या विधानाशी थांबून विचारू लागल्या, "हे मघाशी झालं ना?" एकीनं तर मला समजावलं, "ताई, माझं उत्तर बदलत नाही. आमचे हे पण असंच फिरवून फिरवून विचारतात."

संमतीपत्राबद्दल थोडक्यात सांगते. मुंबईत मराठी माणसाकडे कोऱ्या-छापील कुठल्याही कागदावर सही मागू नये. "पुनर्विकासाचं आहे का? बिल्डरच्या माणसालाही आम्ही अजून सही दिलेली नाही," हे मला भांडुपच्या एका आजींनी सांगितलं. मी त्यांना पटवत राहिले, गाडी घाटकोपरला आली आणि तिथे जो लोंढा आत शिरला त्यात माझं संमतीपत्र आजींपासून चार बायका लांब गेलं.

नमुना किती? 384. संशोधन करणाऱ्या कुणालाही अर्ध्या रात्री उठवून विचारा, हाच आकडा सांगेल. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी 1970 मध्ये एक तक्ता छापला. तुमचा समूह 10 लाखांचा असला की नमुना 384, आणि त्याच्या पुढे कितीही वाढवा, आकडा जवळजवळ तिथेच. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. सव्वा कोटींसाठी 384 पुरतात हे ऐकून मला आधी फार हलकं वाटलं होतं. पण त्या तक्त्यात अट अशी की निवड यदृच्छ हवी, म्हणजे चिठ्ठी टाकून काढावी तशी. सकाळच्या लोकलमध्ये यदृच्छ एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपला पाय कुठे टेकेल.

सुरुवातीला गूगल फॉर्म करून ग्रुपवर टाकला होता. 11 उत्तरं आली. त्यातली तीन माझ्याच नणंदेची, कारण 'गेलं की नाही कळेना'.

मग कागदच वाटत सुटले. त्या कागदांचं काय काय झालं! एकावर तोंडलीचे देठ जमा झाले. एकीनं वारा घेतला. एकीनं 42 च्या 42 विधानांना 'सांगता येत नाही' केलं. कारण विचारलं तर म्हणाली, "उगाच कुणाला वाईट वाटायला नको." दोन डझन पेनं नेली होती, सात परत आली. 'प्रवासामुळे मला थकवा येतो आणि घरी माझी चिडचिड होते' या विधानाला एका बाईंनी टिकच केली नाही, बाजूला लिहिलं: 'थकवा येतो. चिडचिडीला वेळ नसतो, पोळ्या असतात.' एका विधानात दोन गोष्टी विचारू नयेत हे पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होतं. मी वाचलंही होतं.

याच सुमारास माझ्या लक्षात आलं की माझ्या 42 विधानांच्या भोवती, त्याच डब्यात, दुसरी एक प्रश्नावली रोज चालू असते. तिच्यात प्रश्न एकच: "कुठे उतरणार?" भाषातज्ज्ञ नाही, संमतीपत्र नाही, पेन नाही. उभी बाई बसलेल्या बाईला विचारते, बसलेली स्टेशनचं नाव सांगते, आणि ती खरोखर तिथेच उतरते. प्रतिसाद शंभर टक्के. आज विचारा, उद्या विचारा, उत्तर तेच. शिवाय एकीचं उत्तर ऐकून डब्यात लगेच पुढची नोंदणी होते: "कांजूरमार्ग माझी, विक्रोळी त्यांची." क्रॉनबॅकनं आनंदानं टोपी काढली असती. कारणही उघड आहे. त्या उत्तराच्या टोकाला एक जागा असते. माझ्या प्रश्नांच्या टोकाला काय होतं? माझी वेतनश्रेणी.

तरी 112 फॉर्म झाले. घरी बसून मोजले तर निष्कर्ष असा निघत होता की मुंबईच्या नोकरदार बाईला लोकलचा ताण जवळपास नाहीच. मी चक्रावले. नवरा पोहे खाता खाता म्हणाला, "भरून कोण देतं? बसलेल्या बायका ना?"

बरोबर. दोन हात मोकळे असल्याशिवाय टिक करता येत नाही, आणि ज्या बाईचे दोन हात मोकळे आहेत तिला ताण कसला? मुलुंडला गाडी येते तेव्हा बसलेल्या असतात त्या ठाण्याहून आलेल्या, किंवा आधी उलट ठाण्याला जाऊन जागा धरून आलेल्या. अमेरिकेत 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं लोकांचा कल बघायला सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं. निवडून आले रूझवेल्ट, 48 पैकी 46 राज्यांत. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदीतून. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार बाळगणाऱ्यांना त्यांनी देशाचं मत विचारलं होतं. मी विंडो सीटवाल्यांना विचारत होते.

उपाय एकच होता. उभ्या बाईला बसवायचं आणि मग फॉर्म द्यायचा. त्यासाठी माझ्याकडे जागा हवी. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मी घरून अर्धा तास आधी निघू लागले. मुलुंडहून उलट ठाणे, तिथे गाडीत बसायचं, ती जागा मुलुंडपर्यंत शेजारणीच्या कोपरांपासून राखायची, आणि मग चढणाऱ्यांतली सर्वात थकलेली बाई हेरून म्हणायचं, "ताई, बसा." एका फॉर्मला एक सीट. डब्यात माझी पत वाढली. जानेवारीत हळदीकुंकवाचं पहिलं वाण मला मिळालं. फक्त माझे गुडघे प्रबंधाला विरोध करू लागले.

पण आकडे? बसल्या बसल्या त्या बाईचा चेहराच बदलायचा. पदरानं घाम टिपायची, पर्समधून पाण्याची बाटली काढायची आणि टिक करत सुटायची. 'प्रवासात मला ताण जाणवतो': असहमत. 'सहप्रवाशांच्या वागण्याचा मला त्रास होतो': पूर्ण असहमत, आणि माझ्याकडे बघून गोड हसू. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून असेच प्रयोग झाले. दिवे वाढवले तरी काम वाढलं, कमी केले तरी वाढलं, कारण कामगारांना कळत होतं की आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय, असं सांगतात. पुढे ते आकडे पुन्हा तपासणाऱ्यांनी त्यावरही शंका काढल्या. माझ्या आकड्यांवर शंका काढायला कुणी नको होतं. ताण मोजायला निघालेली मी, मोजण्याच्या दोन मिनिटं आधी तो स्वतःच्या हातानं घालवत होते.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मर्यादा या सदरात लिहून टाका. 384 पूर्ण करा."

384वा फॉर्म गेल्या मंगळवारी भरला गेला. भांडुपला एक बाई चढल्या, एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचा थर्माकोलचा किल्ला. मी उठले. त्या बसल्या, किल्ला मांडीवर, किल्ल्यावर माझा फॉर्म. त्यांनी एकेक विधान सावकाश, ओठ हलवत वाचलं. कुर्ला गेलं, शीव गेलं. माझ्या पाठीवर कुणाचीतरी सॅक, पायावर कुणाचीतरी टाच. दादरला लोंढा उतरला आणि तेवढाच चढला. शेवटची टिक करून त्यांनी फॉर्म घडी न घालता परत दिला, पेनसुद्धा परत दिलं, आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"ताई, तुम्ही कुठे उतरणार?"

"परळ."

"अरेरे," त्या मनापासून म्हणाल्या. "मी मशीदला. नाहीतर तुम्हालाच दिली असती."