पोच देण्याची पद्धत नाही म्हणे!

लिहिताना अडखळणाऱ्या माझ्या मुलाला परीक्षेत जास्त वेळ द्या, म्हणून जूनपासून मी त्याच्या शाळेत चार अर्ज दिले आणि त्यांतल्या एकाचीही पोच मला मिळालेली नाही. कारकून अर्ज घेतात, "मॅडमना दाखवतो" म्हणतात आणि माझ्या प्रतीवर शिक्का मागितला की "पोच द्यायची आमच्याकडे पद्धत नाही" असे सांगून खिडकीपासून उठून जातात. फी भरायला चार दिवस उशीर झाला, तर लेखी नोटीस मात्र मुलाच्या दप्तरातून घरी येते!

मुलगा चौथीत आहे. महाराज आग्र्याहून कसे निसटले, हे तो न अडखळता रंगवून सांगतो. परंतु तेच चार ओळींत लिहायला बसला की अक्षरे उलटतात, जोडाक्षरे फुटतात आणि पेपर अर्धा कोरा राहतो. रजा टाकून, पालिकेच्या रुग्णालयात फेऱ्या मारून आम्ही त्याचे अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवले. वास्तविक अशी मुले लवकरात लवकर ओळखून त्यांना योग्य पद्धतीने शिकवावे, असे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे सोळावे कलम सांगते आणि त्यात केवळ अनुदानित नव्हे, तर मान्यताप्राप्त शाळाही येतात. वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख पुढच्याच कलमात आहे. तरीही मुख्याध्यापिका मला ऐकवतात, "सवलती दहावीला बोर्ड देईल, तोपर्यंत घरी सराव घ्या." दहावीपर्यंतची सहा वर्षे या मुलाने काय करायचे? आणि कायद्याने दिलेल्या हक्काला "सवलत" म्हणताना यांची जीभ जराही कशी अडखळत नाही?

विशेष शिक्षक का नाही, असे विचारले तर वर्गात त्याच्या शेजारी बसून मदत करणारा शॅडो टीचर तुम्ही आणा, पगारही तुम्हीच द्या, हे उत्तर तयार असते. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि माध्यमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितले आहे. आमच्या शाळेत एकही नाही. वर्गशिक्षिकेवर माझा राग नाही. साठ मुलांचा वर्ग सांभाळून ती बिचारी मधल्या सुट्टीत त्याची वही पाहते. राग आहे तो वरच्या मजल्यावरच्या त्या केबिनचा, जिथे सगळे तोंडी सांगितले जाते आणि एक ओळही कागदावर येत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच केबिनमध्ये मला सांगण्यात आले, "त्याला झेपेल अशी दुसरी शाळा बघा." मी म्हटले, हे लिहून द्या. बाई गप्प बसल्या आणि शिपायाने दार उघडले.

पाचवा अर्ज मी स्पीड पोस्टाने पाठवला आहे आणि त्याची प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. सहामाहीचा पहिला पेपर सोमवारी आहे. "मला जास्त वेळ देणार ना?" असे तो रोज रात्री विचारतो आणि मला हो म्हणता येत नाही.